महाराष्ट्रात अपघात घटले, मृत्यू वाढले : ट्रक-बसचे आकडे आणि आपला मराठवाडा

गोदाकाठचा_माणूस (परभणी)

मंडळी, ट्रकचा नाहीतर बसचा मोठा अपघात झाला की आपल्याकडं चार दिवस सगळे बोलतात, ड्रायव्हरला शिव्या घालतात अन मग पुढच्या अपघातापर्यंत शांत. म्हणून म्हटलं एकदा आकडे घेऊनच बसावं. केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अहवाल काढतं, त्यातले नुसते महाराष्ट्राचे आकडे वेगळे काढले.

२०१६ ला राज्यात ३९,८७८ अपघात झाले अन १२,९३५ माणसं गेली. २०१८ ला ३५,७१७ अपघात, १३,२६१ मृत्यू. २०१९ ला ३२,९२५ अन १२,७८८. मग आलं कोरोनाचं २०२०, अर्धं वर्ष रस्ते ओस, अपघात २४,९७१ वर आले तरी ११,५६९ माणसं गेलीच. २०२१ ला २९,४७७ अन १३,५२८. २०२२ ला ३३,३८३ अन १५,२२४. २०२३ ला ३५,२४३ अन १५,३६६.

आता पहिलं अन शेवटचं वर्ष शेजारी ठेवा. अपघात साडेचार हजारांनी कमी, मृत्यू मात्र जवळपास अडीच हजारांनी जास्त. २०१६ ला शंभर अपघातांमागं ३२ माणसं मरत होती, २०२२ ला हा आकडा ४५ च्या वर गेला. त्याच वर्षी देशाची सरासरी ३६ ची होती. मृत्यूंच्या यादीत उत्तर प्रदेश अन तमिळनाडूनंतर आपला नंबर तिसरा.

यात ट्रक-बसचा वाटा किती हे शोधायला गेलो तर वरवर बघणारा फसतो. अहवालात मेलेला माणूस कशावर बसला होता त्यावरून रकाने आहेत. देशात २०२२ ला १,६८,४९१ जण रस्त्यावर गेले, त्यात ट्रकमध्ये बसलेले दहा हजारांच्या वर, बसमधले चार हजारांच्या आसपास. दुचाकीवरचे ४४.५ टक्के अन पायी चालणारे १९.५ टक्के. म्हणजे ट्रकखाली आलेला मोटरसायकलवाला 'दुचाकी'त मोजला जातो, त्यामुळं नुसता तो रकाना बघून ट्रकचा प्रश्न छोटा आहे असं म्हणता येत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्याकडं पळणाऱ्या ट्रकएवढाच उभा ट्रक माणसं मारतो. टेललाईट नाही, रेडियम नाही, अर्धी गाडी साईडपट्टीवर अन अर्धी डांबरावर, रात्रीचे आठ वाजलेले, अन मागून येणाऱ्याला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. देशात पाचातला एक अपघात मागून धडकण्याचा आहे, टक्क्यात सगळ्यात मोठा प्रकार तोच. अन दिवसातला सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहा ते नऊ. तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे ते सांगा, अनुभव असेल तर नक्की लिहा.

---

मांजरा_खोरं (लातूर)

चांगला धागा. पण एका गोष्टीवर थांबतो. शंभर अपघातांमागं किती मेले हा आकडा राज्याराज्यात लावताना जपून. केरळमध्ये २०२२ ला ४३,९१० अपघात नोंदले गेले, आपल्यापेक्षा दहा हजारांनी जास्त, अन मृत्यू ४,३१७. तमिळनाडूत ६४,१०५ अपघात अन १७,८८४ मृत्यू. केरळचे लोक काय आपल्यापेक्षा वाईट गाडी चालवतात असं नाही, तिथं खरचटलं तरी नोंद होते, इन्शुरन्ससाठी लोक ठाण्यात जातात. आपल्याकडं मिरर तुटला, पाय मुरगळला तर जागेवर हजार-दोन हजारावर मिटतं, कोण जातंय ठाण्यात. छोटे अपघात कागदावर आलेच नाहीत तर उरलेल्यात मरणाचं प्रमाण आपोआप मोठं दिसणार. शिवाय वाहनांची संख्या पण दरवर्षी वाढतेय तेही धरायला पाहिजे.

---

गोदाकाठचा_माणूस

सर, मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच मी मृत्यूचा आकडा वेगळा लिहिला. जखमीचा अपघात मिटवता येतो, मेलेल्या माणसाचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम होतंच. अपघातानंतर तीस दिवसांच्या आत माणूस गेला तर तो अपघाती मृत्यूच धरतात. त्यामुळं १२,९३५ वरून १५,३६६ ही वाढ नोंदणीच्या घोळानं आलेली नाही, तेवढी माणसं खरंच जास्त गेली. वाहनं वाढली हे कबूल, पण याच सुमारास रस्ते चौपदरी झाले, ट्रकला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होत नाहीत ती ब्रेक यंत्रणा) सक्तीचं झालं, ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर आला. हे सगळं होऊन आकडा खाली यायला पाहिजे होता.

---

स्टीलनगरी (जालना)

मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, स्वतःच्या गाड्या आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका.

ड्रायव्हर रस्त्यावर का थांबतो ते बघा. जालन्यातून सळई भरून गाडी निघाली की चेन्नई, बंगळूर, कुठंबी जाते. माणूस एकच. आधी नॅशनल परमिटच्या गाडीला दोन ड्रायव्हर पाहिजेत असा नियम होता, २०१८ ला तो काढला. त्याच वर्षी एक्सल लोड (मालासकट गाडीचं मान्य वजन) पण वाढवून दिला, तीन एक्सलची गाडी २५ टनाची होती ती साडेअठ्ठावीसला पास झाली. म्हणजे गाडी जड झाली अन माणूस एकटा पडला. कायद्यात मोटार ट्रान्सपोर्ट कामगाराला आठ तास ड्युटी अन पाच तासांनंतर अर्धा तास आराम लिहिलाय, १९६१ पासून. आमच्या लाईनमध्ये आठ तासावर गाडी चालवून पार्टी माल देईल का सांगा. भाडं ठरतं ते पोहोचायच्या वेळेवर, अन माल उशिरा गेला तर भाड्यातून कापतात.

अन झोप आली तर थांबायचं कुठं? पंपावर थांबू देत नाहीत, डिझेल भरलं तरच. अंधारात थांबलं तर डिझेल चोरीला जातं, टाकीचं झाकण तोडून पाईप घालतात, ड्रायव्हर जागा झाला तर दगड मारतात. म्हणून तो उजेड बघून ढाब्यासमोर थांबतो, अन ढाब्याला जागा असते दोन गाड्यांची, थांबतात वीस. बाकीच्या रोडवर. ड्रायव्हरला दंड करा, पण जागा द्या आधी.

आता एक गोष्ट चांगली झाली, १ ऑक्टोबर २०२५ नंतर बनणाऱ्या मोठ्या ट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा केलाय. मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात इंजिनशेजारी बसून जो चालवतो त्यालाच त्याची किंमत कळते. जुन्या गाड्या मात्र पंधरा-पंधरा वर्षं चालायच्या आहेत अजून.

---

येडशीकर (धाराशिव)

स्टीलनगरी दादा, तुमचं सगळं पटलं पण सळईचं काय? पूर्वी सळई पाठीमागं चार-पाच फूट बाहेर लोंबायची, टोकाला लाल फडकं. ते २०१४ ला बंद केलं तरी आजही छोट्या टेम्पोत अन ट्रॅक्टरमध्ये बघा, गावात घराचं काम निघालं की सळई अशीच येते. रात्री तर फडकंही दिसत नाही.

---

स्टीलनगरी (जालना)

मोठ्या गाडीत आता बॉडीच्या आत बसते सळई, किंवा यू आकारात वाकवून पाठवतात. लोकलला जे चालतं ते चुकीचंच आहे, त्याला मी पाठीशी घालणार नाही.

---

ताई_केजची (बीड)

मी स्टाफ नर्स आहे, तालुक्याच्या ठिकाणी. आकडा का वाढला याचं अर्धं उत्तर रस्त्यावर आहे अन अर्धं रस्ता ते दवाखाना या अंतरात आहे, ते मी रोज बघते.

१०८ आहे, २०१४ पासून राज्यात चालू आहे अन खूप जीव वाचलेत त्यानं, हे आधी सांगते. पण गाडी येईपर्यंत लोक थांबत नाहीत, माणूस उचलून क्रुझरमध्ये नाहीतर टमटममध्ये टाकतात. टाकतात म्हणजे अक्षरशः, एक जण काखेत हात घालतो, एक पाय धरतो, मान लोंबकळत असते. सीटवर बसवून दोन्ही बाजूंनी माणसं धरून आणतात, बेशुद्ध माणसाची जीभ मागं जाते, श्वास बंद. मानेचा मणका तुटलेला असतो तर तो तिथंच गेला. आडवं झोपवून, मान सरळ ठेवून, अख्खं अंग एकदम एका कुशीवर करून आणलं असतं तर कितीतरी जण दारापर्यंत श्वास घेत आले असते. रक्त वाहतंय तिथं स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं, सोडून सोडून बघायचं नाही, एवढंसुद्धा लोकांना माहीत नाही.

आमच्याकडं आला की आम्ही रक्त थांबवतो, सलाईन लावतो, अन डोक्याला मार असेल तर पुढं अंबाजोगाई, तिथून गरज पडली तर लातूर नाहीतर संभाजीनगरला घाटीत (मोठ्या सरकारी दवाखान्यात). प्रत्येक टप्प्यात तास जातो. चौपदरी रस्ता झाल्यावर गाड्यांचा वेग दुप्पट झाला, मार जास्त बसायला लागला, पण न्यूरोसर्जन होता तिथंच आहे. ज्यांना मदत करायची इच्छा आहे त्यांनी घाबरू नका, २०१९ च्या कायदादुरुस्तीत मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही. अन २०२५ च्या मे पासून अपघातग्रस्ताला पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना आहे, हे नातेवाईकांना कुणीच सांगत नाही, ते बिचारे दागिने गहाण टाकायला पळतात.

---

गोदाकाठचा_माणूस

ताई, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. मान सरळ, एका कुशीवर, फडकं दाबून, हे प्रत्येक ढाब्यावर अन पंपावर लिहून लावायला पाहिजे.

---

वकील_मांजरापट्टा (लातूर)

मोटार अपघात दाव्यांचं काम करतो. दोन गोष्टी.

अहवालात दिसतं की ७१ टक्के मृत्यू अतिवेगामुळं. हा आकडा येतो कुठून? फिर्यादीतून. अन फिर्यादीतलं वाक्य ठरलेलं आहे, 'आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून'. ट्रक उभा होता की चालता, टेललाईट चालू होती की नाही, रस्त्याला कट होता का, साईडपट्टी किती खचली होती, हे मागच्या पानावर कुठंतरी पंचनाम्यात असेल तर असेल. वेग कारण असतोच, पण बाकीची कारणं त्या एका वाक्याखाली दबून जातात, अन जे दबलं ते दुरुस्त कोण करणार? आता पोलिसांकडं मोबाईलवर ई-दार नावाची केंद्राची प्रणाली आहे, जागेवरून फोटो अन लोकेशनसहित माहिती भरायची, सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. ती नीट भरली तर हे चित्र बदलेल.

दुसरी गोष्ट घरच्यांसाठी. उभ्या ट्रकला मागून धडकून मोटरसायकलवाला गेला की पुष्कळदा गुन्हा मेलेल्यावरच दाखल होतो. मग कोर्टात विमा कंपनी म्हणते चूक मागून येणाऱ्याची. कोर्ट दोघांची चूक वाटून देतं अन भरपाई तेवढ्या टक्क्यांनी कापली जाते. ते टक्के ठरतात पुराव्यावर, अन पुरावा दुसऱ्या दिवशी राहत नाही. ट्रकवाला गाडी हलवतो, टेललाईटचा बल्ब बदलतो, रेडियमच्या नव्या पट्ट्या चिकटवतो. म्हणून जे कोणी तिथं पोहोचेल त्यानं जखमीला गाडीत घातल्यावर पहिलं काम, ट्रकच्या मागच्या बाजूचे फोटो. नंबर प्लेट दिसेल असा एक, लाईट अन रेडियमचा एक, अन टायर पांढऱ्या पट्टीच्या आत आहे की बाहेर तो एक. या तीन फोटोंवर अख्ख्या घराचं पुढचं आयुष्य ठरतं.

---

औसा_पुणे_रातराणी

मी पुण्यात नोकरीला. लातूर, नांदेड, उदगीर, परभणीकडून रोज रात्री पुण्याला किती ट्रॅव्हल्स जातात ते शिवाजी चौकात उभं राहून बघा. रेल्वेचं तिकीट मिळत नाही, एसटी भरलेली, मग ट्रॅव्हल्स. दिवाळीत तर तिकीट तिप्पट.

एकदा स्लीपरमध्ये शेवटचा बर्थ मिळाला, मागं संकटकालीन दरवाजा असतो तो. त्याच्यासमोर पार्सलचे खोके छतापर्यंत रचलेले, त्यावर कुणाचातरी पंखा बांधलेला. मी क्लीनरला म्हटलं हे काढ तर म्हणतो ताई सकाळी वाकडला उतरवायचंय, तुम्ही झोपा. काच फोडायची हातोडी कुठंय विचारलं तर त्याला माहीतच नव्हतं. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला समृद्धीवर ती बस पलटी होऊन पेटली, पंचवीस जण जागेवर जळाले, ती नेमकी दरवाजाच्या बाजूवर आडवी झाली होती म्हणून दरवाजा बंद झाला. जे वाचले ते काच फोडून निघाले. त्या रात्री मला डोळा लागला नाही. आता मी गाडीत चढले की आधी मागचा दरवाजा बघते अन खोके असतील तर हटवायला लावते, वाद झाला तरी चालेल. तुम्ही पण करा, एकटीनं बोललं की दाबतात, पाच जण बोलले की खोके डिक्कीत जातात.

---

वैजापूरकर_७७

समृद्धीचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा अपघात विसरू नका. १५ ऑक्टोबर २०२३, मध्यरात्रीनंतर, जांबरगाव टोलजवळ. सैलानी बाबांच्या दर्ग्याहून नाशिकला परतणारी मिनी बस ट्रकवर मागून आदळली, बारा माणसं गेली. गाडीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त लोक होते ही एक बाजू. दुसरी अशी की तो ट्रक तपासणीसाठी थांबवला होता, अन त्या प्रकरणात आरटीओच्या दोघांना अटक झाली होती. म्हणजे गोदाकाठचे दादा म्हणतात तो उभा ट्रक इथं पण आहे. १२० च्या रस्त्यावर थांबलेली गाडी म्हणजे भिंत. पंक्चर असो, तपासणी असो, नाहीतर सेल्फी, त्या रस्त्यावर थांबणं हाच गुन्हा धरला पाहिजे.

---

रस्तेवाला_अभियंता (छ. संभाजीनगर)

थोडं गणित देतो. ८० च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन-अडीच सेकंद, म्हणजे पन्नास मीटर नुसते विचारात गेले, ब्रेक अजून लागायचाय. डिपरवर हेडलाईटचा उपयोगी उजेड तेवढाच पडतो, धड पन्नास मीटरसुद्धा नाही. त्यात समोरच्यानं अप्पर मारला तर तोही नाही. म्हणून बिनलाईटचा ट्रक ८० वाल्याला टाळता येत नाही, तो कितीही चांगला ड्रायव्हर असो. रेडियमची पट्टी चांगली असेल तर तीच गाडी दोनशे मीटरवरून चमकते. नियमानं पुढं पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल पट्टी, दोन इंच रुंद. बाजारात स्वस्तातली लाल चिकटपट्टी मिळते ती दिवसा लालभडक दिसते अन रात्री काहीच करत नाही. घेताना दुकानातला लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून बघा, भगभगून उजेड परत आला तर ती खरी.

मागचा बंपर पण बघा. ट्रकच्या मागं खाली आडवा लोखंडी गार्ड असतो तो कार आत घुसू नये म्हणून. कितीतरी गाड्यांचा तो वाकलेला, नाहीतर टिप्परवाल्यांनी माल ओतताना अडतो म्हणून कापून टाकलेला असतो. मग कार बोनेटसकट खाली जाते अन ट्रकची फळी थेट काचेवर, डोक्याच्या उंचीला. एअरबॅग असून उपयोग होत नाही अशा वेळी.

आमच्या खात्याच्या बाजूनं ब्लॅकस्पॉटचं सांगतो. राष्ट्रीय महामार्गावर साधारण पाचशे मीटरच्या तुकड्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत दहा मृत्यू झाले, की तो ब्लॅकस्पॉट. अडचण अशी की हे मोजमाप जागेला चिकटलेलं आहे. उभा ट्रक आज या फाट्यावर, उद्या पाच किलोमीटर पुढं. म्हणून तो कुठल्याच ब्लॅकस्पॉटमध्ये बसत नाही अन त्याच्यावर खर्चही होत नाही. वळण सरळ करता येतं, त्याला निधी मिळतो. थांबायला जागा करायला कुणी निधी मागत नाही.

---

कन्नड_घाटमाथा

आमचा औट्रम घाट बघा, सोलापूर-धुळे महामार्गावरचा. जड वाहनं २०२३ च्या ऑगस्टपासून खंडपीठाच्या आदेशानं बंद केली, तेव्हा कुठं माणसं वेळेवर घरी जायला लागली. त्याआधी रात्र-रात्र जाम, अन जाममध्ये उभ्या गाड्यांवर मागून गाड्या. ट्रकवाल्यांना लांबचा फेरा पडतो हे खरंय, त्यांचं डिझेल जातं. बोगदा व्हायला पाहिजे, त्याशिवाय हे सुटणार नाही.

---

पांढरं_सोनं_माजलगाव

माझी ट्रॅक्टर अन दोन ट्रॉल्या कारखान्याला चालतात. उसाच्या ट्रॉलीला सगळे शिव्या देतात, देतीलच, म्हणून नेमकं काय होतं ते लिहितो.

ट्रॉलीच्या फळीला मागं रेडियम असतं. पण ऊस भरला की मोळ्या मागं दोन-दोन हात बाहेर येतात, वाढं (उसाचे हिरवे शेंडे) खाली लोंबतं अन फळी पूर्ण झाकून जाते. रेडियम लावलेलं असून दिसत नाही. टेललाईटची वायर ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला, तिथून दुसरीला जाते, फडात चिखलात ती पहिल्याच आठवड्यात तुटते, परत कोण जोडत नाही कारण जोडली की परत तुटते. म्हणून कापडी रिफ्लेक्टर बरा, फळीवर लावायचा नाही, भरलेल्या उसावर शेवटच्या मोळ्यांना दोरीनं बांधायचा. रिकामी झाली की घडी करून सीटखाली. मी दोन सीझन झाले तसंच करतोय अन टोळीच्या मुकादमाला सांगितलंय बांधल्याशिवाय फडातून गाडी हलायची नाही.

अजून एक, गाडी बंद पडली की टायरखाली दगड लावतात, मागं झाडाच्या फांद्या अन दगडांची रांग. काम झालं की गाडी जाते, दगड तिथंच. रात्री मोटरसायकलवाला त्या दगडावर जातो. हे कोणत्या आकड्यात येतं सांगा.

---

वकील_मांजरापट्टा (लातूर)

'सेल्फ ॲक्सिडेंट' म्हणून येतं. स्वतःच घसरून पडला असं.

---

एसटीची_लेक (अंबड)

वडील एसटीत चालक होते, आता रिटायर. ते नेहमी म्हणतात एसटीवाल्याला चौपदरी रस्त्याची भीती नाही वाटत, दुपदरीची वाटते. अंबड-वडीगोद्री रस्त्यावर २० सप्टेंबर २०२४ ला एसटी अन मोसंबीच्या ट्रकची समोरासमोर झाली, आमच्याच भागातली माणसं गेली त्यात. मोसंबीचा, भाजीचा ट्रक थांबत नाही, सकाळच्या मार्केटला पोहोचला नाही तर माल पडेल भावानं जातो. अरुंद रस्ता, साईडपट्टी एक वीत खाली, उतरवली तर पलटी होईल म्हणून दोघंही डांबर सोडत नाहीत. ही साईडपट्टी मुरूम टाकून बरोबरीनं भरायला काय फार पैसे लागतात का? दरवर्षी पावसाळ्यात वाहून जाते अन पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच.

अन आपल्या भागानं मोठी माणसं पण अशीच घालवली. २०१४ ला गोपीनाथ मुंडे साहेब दिल्लीत, २०२२ ला विनायक मेटे साहेब मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर, त्यांची गाडी ट्रकवर आदळली. तेव्हा सगळ्या जिल्ह्यानं हळहळ केली, चौकशीची मागणी झाली. रोज जे साधे लोक जातात त्यांच्यासाठी कुणी चौकशी मागत नाही म्हणून हा धागा वाचून बरं वाटलं.

---

मांजरा_खोरं (लातूर)

उपायाकडं या आता. एक उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर २०१६ ला १५१ माणसं गेली होती. मग झीरो फेटॅलिटी कॉरिडॉर (एकही मृत्यू होऊ द्यायचा नाही असा रस्ता) म्हणून काम सुरू झालं, प्रत्येक मृत्यूची जागेवर जाऊन तपासणी, उभ्या ट्रकवर गस्त, गार्डरेलची टोकं बदलली, ॲम्ब्युलन्स जवळ आणल्या. पुढच्या काही वर्षांत मृत्यू निम्म्याच्या खाली आले. ड्रायव्हर तेच होते, ट्रक तेच होते. म्हणजे होतं. फक्त तो रस्ता मुंबई-पुण्याचा होता म्हणून झालं, तुळजापूर-लातूर-नांदेडला अन गेवराई-पाथरीला पण व्हायला पाहिजे.

---

गोदाकाठचा_माणूस

सगळ्यांनी एवढं मनापासून लिहिलं, आता यातून काहीतरी हातात धरता येईल असं करू. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असते प्रत्येक जिल्ह्यात, तिच्यासमोर ठेवायला कागद लागतो. अभियंता साहेबांनी सांगितलं तसं उभ्या ट्रकचा ब्लॅकस्पॉट होत नाही, तर आपण लांबीनं मोजू. एकेका पोलीस ठाण्याच्या हद्दीत मागच्या तीन वर्षांत 'थांबलेल्या वाहनाला मागून धडक' असे किती गुन्हे, किती मृत्यू, किती वाजता, अन त्या लांबीत ट्रक थांबायला अधिकृत जागा किती, एवढे चार प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायचे. दहा रुपयाचा अर्ज आहे. वकील साहेब, मसुदा तुम्ही करून द्याल का?

---

वकील_मांजरापट्टा (लातूर)

करतो. रविवारपर्यंत इथंच टाकतो. पंचनाम्यात टेललाईट अन रेडियमची नोंद आहे का हा पाचवा प्रश्न घाला. नावं मागू नका, मागितली तर अर्ज नाकारायला कारण मिळतं. नुसते गुन्हा क्रमांक अन तारखा.

---

पांढरं_सोनं_माजलगाव

माजलगाव ते पाथरी मी घेतो. सीझनमध्ये रोज त्याच रस्त्यावर असतो, थांबायच्या जागा मला पाठ आहेत. कारखान्यावरच्या ट्रॉल्यांना कापडी रिफ्लेक्टर किती जणांकडं आहे ते पण गव्हाणीला (कारखान्यात ऊस टाकायच्या जागी) उभं राहून मोजून लिहितो.

---

एसटीची_लेक (अंबड)

अंबड-वडीगोद्री माझ्याकडं. साईडपट्टीचे फोटो किलोमीटरच्या दगडासकट काढते.

---

स्टीलनगरी (जालना)

जालना ते देऊळगावराजा माझे ड्रायव्हर सांगतील कुठं थांबावं लागतं अन का. अन एक विनंती, अर्जात ट्रकवाल्यावर कारवाई करा एवढंच लिहू नका, ट्रक थांबायच्या टर्मिनलसाठी जागा कुठं होऊ शकते ते पण लिहा. एमआयडीसीच्या बाहेर रोज रात्री रांग लागते, तिथून सुरुवात करता येईल.